चढ फुप्फुसांचा, उतार मांड्यांचा

मिरजोळे म्हटलं की रत्नागिरीकरांना एमआयडीसी आठवते. कारखान्यांचे रुंद रस्ते, त्यांच्या कडेला जांभ्याचा उघडा सडा आणि सड्यावरून वाड्यांकडे उतरणाऱ्या चिऱ्यांच्या पाखाड्या, असा हा सगळा परिसर. पहाटे या रस्त्यांवर चालणारे पूर्वीही असत, आता पळणारेही दिसतात. त्यांत पन्नाशी ओलांडलेले पुष्कळ असतात: निवृत्त मास्तर, बँकेतून बाहेर पडलेले साहेब, मुलं पुण्या-मुंबईला गेल्यावर पहिल्यांदा स्वतःसाठी सकाळ मिळालेल्या बायका. यातल्या काहींचं सपाटीवरच्या दहा किलोमीटरवर समाधान होत नाही. त्यांना साताऱ्याला जायचं असतं.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते. अंतर 21.1 किलोमीटर. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं, वरून वळायचं आणि आल्या वाटेनं खाली यायचं. 2015 मध्ये एकाच डोंगरी शर्यतीत सर्वाधिक धावपटू उतरल्याचा गिनीज विक्रम या शर्यतीच्या नावावर लागला. अडीच हजारांवर माणसं त्या दिवशी घाटात होती. त्याहून अवघड हवं असेल तर पुण्याजवळ सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणारी एसआरटी अल्ट्रा आहे. तिथे डांबर संपतं आणि सह्याद्रीची खरी वाट सुरू होते.

साठीच्या माणसानं अशा शर्यतीत नाव घातलं की घरचे आणि शेजारचे एकच विचारतात, "काका, घाट चढवेल ना?" प्रश्न मायेपोटी येतो, पण तो चुकीच्या बाजूनं विचारलेला असतो. घाट चढवतो. साठीतला माणूस चालत, थांबत, दम खात चढतोच. आपल्या आजोबा-पणजोबांनी डोक्यावर ओझं घेऊन घाटवाटा चढल्या आहेत. वयस्क धावपटूची परीक्षा वरून परत फिरल्यावर सुरू होते, आणि तयारी करताना नेमकी तीच बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

अल्बर्टो मिनेत्ती या इटालियन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2002 साली डोंगरी शर्यती धावणाऱ्या काही धावपटूंना ट्रेडमिलवर वेगवेगळ्या चढ-उतारांवर पळवलं आणि प्रत्येक मीटरला किती ऊर्जा खर्च होते ते मोजलं. सपाटीवर शरीराच्या दर किलो वजनामागे मीटरला सुमारे 3.4 ज्यूल लागतात. वीस टक्क्यांच्या उतारावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना वीस मीटर खाली येताना, हा खर्च 1.73 ज्यूलवर येतो. जवळजवळ निम्मा. म्हणून उतारावर श्वास लागत नाही, छाती मोकळी वाटते, आणि चढावर गेलेला वेळ भरून काढायचा मोह होतो.

आता दुसरा आकडा पाहा. कोलोरॅडो विद्यापीठातल्या गॉटशाल आणि क्रॅम या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं की नऊ अंशांच्या उतारावर पळताना पाऊल टेकण्याच्या क्षणाचा धक्का सपाटीपेक्षा 54 टक्क्यांनी वाढतो. हा धक्का मांडीच्या पुढच्या स्नायूंना झेलावा लागतो, आणि तोही अवघड रीतीनं. चढताना हे स्नायू आखडत आखडत काम करतात. उतरताना गुडघा वाकत असतो, स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला सगळ्या अंगाचा भार धरून ठेवायचा असतो. त्यानं धरलं नाही तर माणूस मटकन खाली बसेल. ताणलं जात असताना भार पेलण्याच्या या कामात स्नायूंचे बारीक तंतू फाटतात. दुखणं लगेच कळत नाही. एक ते तीन दिवसांनी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं, तेव्हा कळतं. म्हणजे उतारावर श्वास सांगत असतो की सोपं चाललंय, आणि मांडी हिशेब मागे ठेवत असते. या दोघांतलं कुणाचं ऐकायचं हे ज्याला उमगलं त्याची डोंगरी शर्यतीची निम्मी तयारी झाली.

वयाचा आणि या सगळ्याचा संबंध इथे येतो. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता व्यायाम न करणाऱ्यांत तिशीनंतर दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घटते. जोमानं सराव चालू ठेवणाऱ्यांत ती घट बरीच कमी असते. हृदयाचे कमाल ठोकेही कमी होतात. 208 मधून वयाच्या सात-दशांश वजा करायचे, या सूत्रानं तिशीत ते 187 येतात आणि साठीत 166. ही घट चढावर जाणवते, पण तिच्यावर उपाय सोपा आहे: वेग कमी करायचा, तीव्र चढावर सरळ चालायचं. खड्या चढावर हळू पळण्यापेक्षा झपाझप चालणं शरीराला स्वस्त पडतं. डोंगरी शर्यतींतले नामांकित धावपटूही हात गुडघ्यांवर टेकून चालतात. यात लाज वाटण्याचं काही कारण नाही.

उतारावर मात्र वेग कमी करणं हेच कष्टाचं काम असतं आणि ते करणारे स्नायूच वयानं आधी झिजतात. स्नायूंमध्ये सावकाश, दीर्घकाळ काम करणारे तंतू असतात आणि झटक्यात जोर लावणारेही असतात. वय वाढतं तसे झटक्याचे तंतू आधी बारीक होतात. ठेच लागल्यावर दुसरा पाय विजेसारखा पुढे टाकून तोल सावरतात ते हेच. टाचेमागची शीर पूर्वीसारखी लवचीक राहत नाही आणि दुखावली तर भरून यायला महिने घेते. घोटा मुरगळू लागल्याची खबर मेंदूपर्यंत पोचायला आणि तिकडून हुकूम यायला क्षणभर जास्त लागतो. गडाच्या वाटेवर तेवढ्या क्षणात माणूस पडतो.

डोळ्यांचं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चाळिशीनंतर आपल्यापैकी अनेकजण प्रोग्रेसिव्ह चष्मा लावतात. त्याच्या काचेचा वरचा भाग लांबचं पाहण्यासाठी आणि खालचा वाचण्यासाठी असतो. डोंगर उतरताना नजर खाली जाते, म्हणजे ती नेमकी वाचनाच्या भागातून जाते. तो भाग पुस्तकाच्या अंतरासाठी बनवलेला असल्यामुळे पावलापाशी असलेला दगड पुसट दिसतो आणि पायरीची कड जिथे आहे तिथून थोडी सरकल्यासारखी भासते. याचा अनुभव घरच्या जिन्यावरही घेता येतो: मान न वाकवता फक्त डोळे खाली करून शेवटची पायरी पाहा, मग हनुवटी छातीशी नेऊन तीच पायरी काचेच्या वरच्या भागातून पाहा. फरक ताबडतोब दिसतो. डोंगरात पळणाऱ्यानं फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. महागड्या बुटांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. शर्यती पहाटेच्या अंधुक उजेडात सुरू होतात आणि वयाबरोबर डोळ्यात शिरणारा उजेडही कमी होतो. तेव्हा मोतीबिंदूची सुरुवात आहे का, हेही त्याच वेळी तपासून घ्यावं.

एवढं वाचून कुणाला वाटेल की साठीत डोंगराकडे फिरकूच नये. तसं अजिबात नाही. ज्येष्ठ धावपटू म्हटलं की आपल्याला लता भगवान करे आठवतात. साठी उलटल्यावर, नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून त्या बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यांची धाव सपाटीवरची होती. डोंगरातली उदाहरणं याहून चकित करणारी आहेत. माँ ब्लाँ पर्वताभोवतीची यूटीएमबी ही डोंगरी शर्यतींतली सर्वांत मानाची शर्यत. 2006-07 मध्ये तिचं अंतर सुमारे 160 किलोमीटर आणि एकूण चढ साडेआठ हजार मीटरच्या घरात होता, म्हणजे समुद्रसपाटीपासून कळसूबाईची उंची पाच वेळा चढण्याइतका. मार्को ओल्मो या इटालियन कामगारानं 2006 आणि 2007 अशी लागोपाठ दोन वर्षं ती जिंकली. ज्येष्ठांच्या गटात नव्हे, सगळ्यांत पहिला येऊन. तेव्हा त्याचं वय 57 आणि 58 होतं. तो सिमेंटच्या खाणीवर यंत्र चालवत असे.

इतक्या लांब शर्यतीत झटक्याच्या ताकदीपेक्षा सोसण्याची ताकद आणि घाई न करण्याची सवय उपयोगी पडते, आणि या दोन गोष्टी वयानं तितक्या लवकर कमी होत नाहीत. पण ओल्मो उतारावरही टिकला, कारण तो डोंगरातच राहत होता आणि डोंगरातच सराव करत होता. उतार रोज पायाखाली असेल तर स्नायू शिकतात. शास्त्रज्ञांनी हे नीट तपासलं आहे: एकदा बऱ्यापैकी उतार पळून मांड्या दुखल्या की पुढच्या वेळी तेवढ्याच उतारानं त्या फारच कमी दुखतात, आणि एका सरावाचा हा फायदा कित्येक आठवडे टिकतो. दुखणाऱ्या स्नायूला पुढच्या भाराची तयारी करून ठेवता येते. वय झालेल्या शरीराच्या बाबतीत यापेक्षा आनंदाची बातमी मला तरी माहीत नाही.

मिरजोळ्यात आणि एकूणच रत्नागिरीच्या सड्यांवर यासाठी लागणारं सगळं आयतं आहे. सड्यावरून वाडीत उतरणारी पाखाडी घ्या. चिऱ्यांच्या पायऱ्या एकसारख्या नसतात: कुठे टप्पा वीतभर, कुठे हातभर, मधेच एखादा चिरा खचलेला, एखाद्याची कड पावसानं गोल झालेली. शहरातल्या व्यायामशाळेत अशी विविधता पैसे मोजूनही मिळत नाही. सुरुवातीला चालत उतरायचं. पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला, अंग मागे न झुकवता, आणि नजर पायाशी न ठेवता चार-पाच पायऱ्या पुढे. मागे झुकलं की टाच आधी आपटते, पाय सरळ राहतो आणि धक्का थेट गुडघ्यात जातो. लहान आणि भराभर पावलं टाकली की प्रत्येक पावलावरचा भार कमी होतो. चालणं अंगवळणी पडलं की हलकं पळणं. आठवड्यातून एकदाच, आणि मांड्या दुखत असतील तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं. तरुण मुलगा दोन दिवसांत सावरतो, साठीच्या माणसाला त्याच्या दुप्पट वेळ लागला तर त्यात नवल नाही.

मात्र पाखाडीचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंतच. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जुलैत प्रत्येक चिऱ्यावर शेवाळाचा काळपट-हिरवा थर चढतो. ओल्या शेवाळावर कुठलाही बूट टिकत नाही. कातळही तसाच निसरडा होतो. साताऱ्याची शर्यत पावसाळ्याच्या शेवटाकडे असते, त्यामुळे कोकणातल्या माणसाची खरी अडचण ही आहे की शर्यतीच्या अगोदरचे तीन महिने त्याची सर्वांत चांगली जागा बंद असते. म्हणून उताराची पुंजी पावसाच्या आधी साठवायची आणि पावसात ती राखायची.

राखायची कशी, तर घरातल्या एका पायरीवर. पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहायचं, भिंतीला बोटं टेकायची आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश, मनात चार मोजत, खालच्या फरशीपर्यंत न्यायची. टेकवायची नाही, नुसती शिवायची आणि वर यायचं. दहा-बारा वेळा केलं की मांडी थरथरू लागते. ही थरथर म्हणजे उताराचंच काम आहे. टाचेमागच्या शिरेसाठी स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन या डॉक्टरांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला व्यायाम आजही जगभर करतात: चवड्यांवर पायरीच्या कडेला उभं राहून टाचा हळूहळू पायरीच्या खाली सोडायच्या. दुखऱ्या शिरेसाठी त्यांनी तो बारा आठवडे, रोज दोनदा सांगितला होता. न दुखणाऱ्यानं आठवड्यातून दोन-तीनदा केला तरी पुष्कळ. शिवाय पावसात एमआयडीसीच्या डांबरी रस्त्यांचे उतार आहेतच. आणि सवड काढून आंबा घाटात गेलात तर यवतेश्वरच्या उताराची मांड्यांना आधीच ओळख होते. मोठ्या उताराचा शेवटचा सराव शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी संपवावा.

खाण्यात प्रथिनं कमी पडू देऊ नयेत, कारण वय वाढतं तसं तेवढ्याच प्रथिनांपासून कमी स्नायू घडतात. कुळथाचं पिठलं, डाळी, अंडी, मासे, दही, जे घरात चालतं ते रोज आणि पुरेसं. बायकांना रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता वेगानं कमी होण्याचा धोका असतो. पडल्यावर मनगट किंवा खुबा मोडण्याची शक्यता त्यांना जास्त असते, म्हणून डोंगरी शर्यतीआधी हाडांची तपासणी करून घ्यायलाच हवी.

हृदयाबद्दल मात्र तडजोड नको. पस्तिशीनंतर खेळताना अचानक होणाऱ्या मृत्यूंमागचं सर्वांत मोठं कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे हे असतं, आणि भारतीयांत हा विकार पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे दहा वर्षं आधी दिसतो. अनेक वर्षं पळणाऱ्याला तो होत नाही हा समज घातक आहे. डॉक्टरांना आपण डोंगरात पळणार आहोत हे स्पष्ट सांगावं, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल पाहून घ्यावं, आणि ते म्हणतील तर टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी, करावी. चढावर छातीत दडपल्यासारखं झालं, जबडा किंवा डावा हात भरून आला, नेहमीच्या वेगाला न लागणारी धाप लागली, तर तिथेच थांबायचं आणि मदत मागायची. रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाचे ठोके दाबून ठेवतात, त्यामुळे घड्याळावरच्या ठोक्यांवर वेग ठरवता येत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घामाबरोबर पाणी आणि क्षार आणखी घालवतात. आणि शर्यतीच्या सकाळी गुडघ्यासाठी म्हणून वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत ज्येष्ठांत आहे, ती बंद व्हावी. अंगातलं पाणी कमी होत असताना त्या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करतात, आणि दुखणं दाबून टाकल्यामुळे उतारावर कधी थांबायचं तेही कळत नाही. वयानं तहान उशिरा लागते. म्हणून प्रत्येक पाणपोईवर थोडं थोडं प्यावं, पण भीतीपोटी ढसाढसाही पिऊ नये. कोकम सरबतात चिमूटभर मीठ ही आपली घरची सोय उत्तम आहे, फक्त ती आधी सरावात पोटाला मानवते का ते पाहून ठेवावं.

शर्यतीत वळणापर्यंत राखून जावं आणि उतारावर पहिले दोन किलोमीटर मुद्दाम आवरून उतरावं. यवतेश्वरहून साताऱ्याकडे येताना खाली शहर दिसू लागतं आणि पाय आपोआप सुटतात. तिथे वेळ मिळतो तो शेवटच्या सपाट तुकड्यावर सव्याज परत जातो, कारण मांड्या तोवर धरत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे नव्वद किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत आपल्याकडचे अनेक मराठी धावपटू जातात. ती एक वर्ष समुद्राकडून वर आणि एक वर्ष वरून समुद्राकडे धावतात, आणि अनुभवी लोक मांड्यांच्या दृष्टीनं उताराच्या वर्षाला जास्त वचकून असतात. याच शर्यतीत वॉली हेवर्ड हा जुना विजेता 1989 मध्ये ऐंशीव्या वर्षी उतरला. मुदत अकरा तासांची होती. तो 10 तास 58 मिनिटं 3 सेकंदांत पोचला.

मुदतीवरून एक मागणी मांडतो. आपल्याकडच्या डोंगरी शर्यतींत बक्षिसं वयाच्या गटांप्रमाणे असतात, पण शर्यत पूर्ण करण्याची मुदत बहुधा सगळ्यांना एकच असते. मुदत जवळ आली की मागे राहिलेला ज्येष्ठ धावपटू घाई करतो आणि ती घाई नेमकी उतारावर होते, जिथे तिची किंमत सर्वांत जास्त आहे. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधला मेंढपाळ जॉस नेलर डोंगरी धावण्यातला दंतकथा झालेला माणूस. साठाव्या वर्षी त्यानं साठ शिखरं पालथी घातली आणि सत्तराव्या वर्षी सत्तर. फक्त पन्नाशीपुढच्यांसाठी त्यानं 1990 मध्ये एक मार्ग आखून दिला: 48 मैल आणि तीस शिखरं. पन्नास ते चोपन्न वयाच्या धावपटूला बारा तास, पंचावन्न ते एकोणसाठला चौदा, साठ ते चौसष्टला अठरा आणि पासष्टपुढे चोवीस तास. मार्ग तोच, शिखरं तीच, कुणालाही अंतरात सूट नाही, फक्त वेळ वयाप्रमाणे. सातारा असो, राजगड-तोरणा असो की उद्या आंबा घाटात कुणी नवी शर्यत भरवो, संयोजकांनी नेलरचा हा हिशेब समोर ठेवावा. मार्गावर स्वयंसेवकांना आणखी दोन-तीन तास थांबावं लागेल आणि उताराच्या तोंडाशी एक डॉक्टर ठेवावा लागेल, एवढाच त्याचा खर्च आहे.